बर्फ पडला की समुद्रावर जा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात हॅलिफॅक्सच्या हिवाळ्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. हॅलिफॅक्स म्हणजे कॅनडाच्या पूर्वेला नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे त्याची राजधानी, अगदी अटलांटिकच्या काठावर, माझी लेक तिथे असते म्हणून थंडीत जाणं होतं. लिहिलं इतकंच होतं की बर्फ पडला की लोक घरात हीटरपाशी बसतात, तसं करू नका, समुद्रावर जा. त्यावर बडोद्यातून एवढे प्रश्न आले की हे अख्खं पान त्यालाच दिलंय. ज्यांचे प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत, रागावू नका.

मुलगा हॅलिफॅक्सला आहे, जानेवारीत या म्हणतो. इथे सगळे म्हणतात थंडीत जाऊन काय बघणार, सगळं पांढरं आणि गोठलेलं, उन्हाळ्यात जा. काय करू? (मांजलपूरच्या एक काकू)

जा. काकू, जे लोक सांगतात ना की सगळं गोठलेलं असतं, ते तळ्यांबद्दल सांगतात. तळी गोठतातच, लोक त्यावर स्केटिंग करतात. पण समुद्र नाही गोठत. खारं पाणी गोठायला मायनस १.८ डिग्रीच्या आसपास जावं लागतं, आणि वरचं पाणी गार झालं की जड होऊन खाली जातं, खालचं वर येतं, म्हणजे बराच थर गार झाल्याशिवाय वर बर्फ धरत नाही. हॅलिफॅक्सला फेब्रुवारीत हवा मायनस दहा-पंधरा असली तरी समुद्राचं पाणी शून्याच्या वर एक-दोन डिग्री असतं. आपल्याला ते भयंकर गार, पण पक्ष्यांच्या हिशोबाने ते उघडं पाणी आहे, आणि उघडं पाणी म्हणजे जेवण.

मग होतं काय की आतल्या तळ्यांवरचे सगळे पाहुणे समुद्रावर येतात. लून म्हणून पक्षी आहे, तो कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर १९८७ पासून बसलाय, म्हणून त्या नाण्यालाच लोक लूनी म्हणतात. उन्हाळ्यात तो आतल्या तळ्यांवर, काळापांढरा ठिपकेदार, लाल डोळ्यांचा. थंडीत तोच समुद्रात येतो आणि साधा राखाडी होऊन जातो, ओळखूही येत नाही. त्याला उडायला पाण्यावर लांब धाव घ्यावी लागते, म्हणजे तळं गोठायला लागलं आणि हा वेळेत निघाला नाही तर अडकलाच. म्हणून वेळेवर निघतो. उत्तरेकडून आयडर बदकं येतात, नर काळेपांढरे, माद्या तपकिरी, शेकड्यांनी एकत्र तरंगतात आणि सगळी एकदम बुडी मारतात. खाली जाऊन शिंपले आणतात आणि कवचासकट गिळतात, पोटातली पेषणी ते कवच दळून टाकते. आपण शेवेत खडा आला तरी दात धरून बसतो.

आता कुठे बघायचं. सगळे नवीन लोक लांबचा पांढरा डोंगर नाहीतर दीपगृह बघत बसतात आणि फोटो काढून परत येतात. तुम्ही भरतीच्या रेषेकडे बघा. बर्फ कितीही पडो, जिथपर्यंत भरतीचं पाणी येतं तिथपर्यंतचा तो धुऊन जातो, त्यामुळे वर पांढरा, खाली करडं पाणी, आणि मध्ये हा काळपट-तपकिरी पट्टा, समुद्री शेवाळाचा. ओहोटी लागली की ते शेवाळ उघडं पडतं, कडक थंडीत त्यावर पातळ बर्फ धरतो आणि पाय पडला की चरचर आवाज होतो. त्या शेवाळात बारीक गोगलगायी, किडे, शिंपले. तिथेच पर्पल सॅंडपायपर नावाचा छोटा पक्षी दिसेल, नाव जांभळा पण दिसतो राखाडीच, चोचीच्या मुळाशी आणि पायांना नारिंगी. लाट येते तेव्हा खडकावर दोन पावलं वर, लाट गेली की दोन पावलं खाली, आणि मधल्या वेळात टोचून टोचून खाणं. लाट त्याला भिजवणार असं आपल्याला वाटत राहतं आणि ती भिजवत नाही. मी अर्धा अर्धा तास हेच बघत बसते, लेक म्हणते आई चल आता.

आणि हे सगळं गाडीत बसून बघा. गाडी समुद्राकडे तोंड करून लावायची, इंजिन बंद, काच थोडी खाली. पक्षी माणसाला घाबरतात, उभ्या गाडीला नाही. फक्त वेळ सांभाळा, डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, जानेवारीच्या मध्यावर पाचला. त्यामुळे जेवून, वामकुक्षी करून, मग निघू असं नाही चालणार.

मी झूलॉजीला आहे. बदकं त्या पाण्यात बसतात, सीगल तर बर्फावर अनवाणी उभे, मग पाय गोठत कसे नाहीत? आमच्या सरांनी एका वाक्यात उडवलं. (कारेलीबाग)

सरांचं एक वाक्य बरोबरच असणार, पण मजा तपशिलात आहे बघ. पायाकडे जाणारी गरम रक्ताची धमनी आणि पायाकडून वर येणाऱ्या गार रक्ताच्या शिरा एकमेकींना चिकटून असतात. खाली जाणारं रक्त आपली उष्णता वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं, म्हणजे पंजात पोचेपर्यंत ते जवळजवळ गारच झालेलं असतं, आणि शरीरात परत येणारं मात्र कोमट होऊन येतं. म्हणजे पाय गरम ठेवायचा हा प्रकारच नाही, पाय मुद्दाम गार ठेवायचा, फक्त गोठण्याच्या थोडा वर. पाय गार तर बाहेर घालवायला उष्णताच कमी. पंजात स्नायू फारसे नसतात, स्नायू वर पिसांच्या आत आणि खाली नुसत्या दोऱ्या, त्यामुळे गार पडून बिघडायला तिथे फारसं काही नाहीच. शिवाय एक पाय वर पोटात खुपसून उभं राहायचं, म्हणजे निम्मा खर्च वाचला.

पिसांचं वेगळं आहे. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, चोचीने ते तेल काढून पिसांना लावत बसतात, तू पाच मिनिटं बघितलंस तर दिसेलच. त्यात पिसांची ठेवण अशी की पाणी आत शिरत नाही आणि आतली हवा बाहेर जात नाही. म्हणूनच समुद्रात तेल सांडलं की थंडीत जास्त पक्षी मरतात, पिसं एकदा चिकटली की गार पाणी थेट कातडीला लागतं.

हे बघायला कॅनडाच हवा असं नाही, आपल्या वढवाण्याच्या तलावावर सकाळी बदकं एका पायावर उभी असतातच, तंत्र तेच.

वय ७४, गुडघे बदललेले. सून म्हणते पेगीज कोव्हला नेते. बर्फात घसरून पडलो तर? आणि अंगात काय घालायचं? इथून स्वेटर नेऊ का? (रावपुऱ्यातले आजोबा)

आजोबा, जरूर जा, पण दोन गोष्टी लक्षात ठेवून. पेगीज कोव्ह हॅलिफॅक्सपासून तासाभरावर, कोळ्यांचं छोटंसं गाव, मोठमोठे गुळगुळीत ग्रॅनाइटचे खडक आणि त्यावर पांढरं लाल टोपीचं दीपगृह, आत्ताचं आहे ते १९१५ चं. थंडीत तिथे गर्दी नसते, बर्फ खडकांच्या खाचांमध्ये साठतो आणि खडक वर कोरडे, त्या वेळी ते गाव जसं दिसतं तसं उन्हाळ्यात बसगाड्यांच्या गर्दीत दिसतच नाही. पण तिथे पाट्या लावल्यात की काळ्या खडकांवर जाऊ नका, आणि ही पाटी शोभेची नाही. खडक काळा दिसतो म्हणजे तिथे पाणी येतं. समुद्र शांत वाटत असतो आणि मधूनच एक मोठी लाट येते, माणसं वाहून गेलेली आहेत, आणि त्या पाण्यात हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. सुनेला सांगा, तिथे २०२१ पासून बघायला लाकडी प्लॅटफॉर्म केलाय, व्हीलचेअरसुद्धा जाते, तिथूनच सगळं दिसतं, सेल्फीसाठी पुढे जायचं काही कारण नाही.

घसरण्याबद्दल. ताजा भुसभुशीत बर्फ तेवढा धोक्याचा नसतो, धोका ब्लॅक आइसचा. दिवसा वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं आणि डांबरावर नुसता ओला डाग दिसतो, तो डाग नसतो, बर्फ असतो. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे मिळतात, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात, ते गेल्या गेल्या घ्या. दुकानात शिरताना मात्र काढायचे, फरशीवर तेच घसरवतात. चालायचं कसं, तर पाऊल लहान, वजन पुढच्या पायावर, हात खिशात नाहीत. खिशात हात घालून चालणारे पडतात.

कपडे. बडोद्याचा स्वेटर न्या पण तो मधला थर. आतून सुती बनियन अजिबात नको, घाम आला की ओलं होतं आणि मग तेच गार लागतं, त्यापेक्षा लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल. मग स्वेटर, आणि सगळ्यात वरून वारा अडवणारं जाकीट, हे तिथेच घ्या, इथे मिळतं ते माथेरानला चालेल असं असतं. समुद्रकाठी थंडीपेक्षा वारा महत्त्वाचा. मायनस दहाला ताशी ४० किलोमीटरचा वारा सुटला तर अंगाला मायनस २१ लागतं. म्हणून निघताना नुसतं तापमान बघू नका, त्याखाली विंड चिल म्हणून आकडा देतात तो बघा. बोटमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र असतात ते मिटन्स बरे, आणि कानटोपी आपली माकडटोपीच न्या, हसू देत कोणी हसलं तर, तिच्यासारखी टोपी त्यांच्याकडे नाहीये. हो, आणि मेडिकल इन्शुरन्स गुडघ्यांची माहिती खरी भरून काढा.

सीलचं पांढरं पिल्लू बघायचंय, मुलांना फोटो हवाय. कुठे जायचं? आणि पांढरं घुबड दिसतं म्हणतात ते खरं का? (अलकापुरी)

दोन्ही खरं, आणि दोन्हीच्या जवळ जायचं नाही. ग्रे सील नावाचे सील डिसेंबर-जानेवारीत वितात, त्यांची जगातली सगळ्यात मोठी वसाहत हॅलिफॅक्सपासून समुद्रात ३०० किलोमीटरवरच्या सेबल बेटावर आहे, तिथे थंडीत पर्यटक जात नाहीत. पण एखादं पिल्लू मुख्य किनाऱ्यावर सापडतं. जन्मतः त्याच्या अंगावर लांब पिवळट-पांढरी लव असते, ती तीनेक आठवड्यांत झडते. आईच्या दुधात निम्म्याहून जास्त चरबीच असते, ती पिल्लाला अडीच आठवडे पाजते, त्या काळात स्वतः जेवत नाही, आणि पिल्लू पंधरा-सोळा किलोचं पन्नासच्या आसपास जातं. मग आई निघून जाते, पूर्णच. पुढे पिल्लू काही दिवस एकटंच पडून राहतं, साठवलेल्या चरबीवर जगतं आणि मग भूक लागली की आपलं आपण पाण्यात जातं.

आता ह्यात गंमत अशी की आपल्यासारखी माणसं किनाऱ्यावर ते एकटं, मोठ्या डोळ्यांचं पिल्लू बघतात, डोळ्यांतून पाणी वाहत असतं, आणि आपल्या पोटात कालवतं, बिचारं हरवलं. नाही हरवलेलं. सीलच्या डोळ्यांतून पाणी येतच असतं, ते वाहून न्यायला आपल्यासारखी नळीच नसते त्यांच्याकडे. कोणी शाल पांघरतो, कोणी ढकलत पाण्यात नेतो, कोणी सेल्फी. ह्यातलं एकही करायचं नाही, कायद्यानेही सागरी प्राण्यांना त्रास द्यायला तिथे बंदी आहे, आणि ते पिल्लू चावतं, चांगलंच चावतं. मुलांना दुर्बिणीतून दाखवा. मोबाइल दुर्बिणीला लावला तर फोटोही येतो.

पांढरं घुबड म्हणजे स्नोई आऊल, आर्क्टिकमधून येतं. दरवर्षी सारखं येत नाही, एखाद्या थंडीत खूप येतात, २०१३-१४ च्या हिवाळ्यात उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात लोंढाच आला होता. त्याला झाडं नसलेली सपाट जागा आवडते कारण त्याचा मुलुख तसाच, म्हणून ते समुद्राच्या वाळूच्या टेकाडांवर बसतं, आणि दिवसाढवळ्या बसतं. दिसलं तर लांबच थांबा. त्याने मान वळवून तुमच्याकडे टक लावून बघायला सुरुवात केली की समजा जरा जास्तच जवळ गेलात. उडालं की त्याची ताकद वाया गेली, आणि पाठीमागे कावळे लागतात ते वेगळंच. आणि फोटो टाकलात तर जागेचं नाव टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे चाळीस गाड्या उभ्या असतात.

आम्ही रोज कबुतरांना दाणे घालतो. तिकडे पक्ष्यांना खायला घालतात का? पुण्य तर सगळीकडे सारखंच ना. (वाघोडिया रोड)

पुण्याचं मला विचारू नका, पक्ष्यांचं सांगते. घालतात, आणि थंडीत त्याचा उपयोगही होतो. चिकडी म्हणून पक्षी आहे, काळी टोपी, पांढरे गाल, वजन दहा-अकरा ग्रॅम, म्हणजे आपल्या चिमणीच्या निम्म्याहून कमी. एवढ्याशा जिवाने मायनस पंधराची रात्र काढायची. रात्री तो अंगाचं तापमानच दहा-बारा डिग्री खाली आणतो, कमी जळण कमी खर्च, आणि दिवसभर एकेक दाणा वेगवेगळ्या झाडाच्या सालीत लपवून ठेवतो आणि शोधून काढतो. हॅलिफॅक्सच्या पलीकडे डार्टमाउथला शुबी पार्क आहे, तिथे तळहातावर सूर्यफुलाच्या बिया ठेवून उभं राहिलं की चिकडी येऊन हातावर बसतो. पंजांची पकड बोटावर कळते पण वजन कळत नाही. एक बी उचलतो, पसंत नाही पडली तर टाकून दुसरी घेतो, आणि फुर्र. फक्त बिया खारवलेल्या नकोत, ब्रेड नको, आणि आपली शेव तर नकोच नको.

पण मोठ्या पक्ष्यांना खायला घालण्याबद्दल माझं मन थोडं कचरतं. तिथून तासा-सव्वा तासावर शेफील्ड मिल्स गाव आहे, आजूबाजूला कोंबड्यांची फार्म्स. शेतकरी मेलेल्या कोंबड्या शेतात टाकायचे, त्यावर पांढऱ्या डोक्याचे गरुड, बाल्ड ईगल, यायला लागले, आणि पुढे तो जानेवारी-फेब्रुवारीतला गरुड बघायचा कार्यक्रमच झाला. एका झाडावर दहा-बारा गरुड, पंख पसरले की दोन मीटर. काही तपकिरी दिसतील, ती वेगळी जात नाही, तरुण पोरं आहेत, डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं जातात. बघण्यासारखं आहे, मी नाही म्हणत नाही, जाण्याआधी त्या वर्षीचं वेळापत्रक बघा. तरी मला समुद्रावर एकटाच मासा उचलणारा गरुड जास्त आवडतो. आयतं खायला मिळालं की पक्षी भांडतात, गर्दीत रोगही पसरतात, कबुतरांच्या बाबतीत हे आपल्या गॅलरीत रोज दिसतंच. आणि पुण्यच हवं असेल तर उत्तरायणला चायनीज मांजा घेऊ नका आणि नंतर झाडांवर लटकलेला दोरा उतरवा, त्यात अडकून किती पक्षी कापले जातात ते आपल्याला माहितीये.

फोटोत समुद्रातून वाफ निघताना दिसली. गरम पाण्याचे झरे आहेत का? (नवापुरा)

नाही. त्याला सी स्मोक म्हणतात. पाणी एक-दोन डिग्री, वरची हवा मायनस पंधरा-वीस, म्हणजे हवेच्या मानाने पाणी गरमच. पाण्यालगतची ओल लगेच धुकं होऊन वर उठते. कडक थंडीची, स्वच्छ आकाशाची सकाळ हवी, सूर्य उगवता उगवता. नऊनंतर गेलात तर बहुतेक गेलंच.

फंडीच्या भरतीबद्दल ऐकलंय, जगात सगळ्यात मोठी. थंडीत दिसते का? आमची कावी-कंबोईला दर वर्षी फेरी असते म्हणून विचारतो. (दांडिया बाजार)

फंडी म्हणजे नोव्हा स्कोशियाला लागून असलेलं आखात, कंबोईला जाणाऱ्याला ते लवकर कळेल! स्तंभेश्वराचं शिवलिंग भरतीत बुडतं आणि ओहोटीत उघडं पडतं हे आपण बघतो, कारण खंभातचं आखात आत आत निमुळतं होत जातं आणि पाणी कोंडून चढतं, आपल्याकडची सगळ्यात मोठी भरती-ओहोटी तिथलीच. फंडीचं आखातही निमुळतं, पण आणखी एक कारण आहे. आखातातलं पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हेलकावून परत यायला साधारण तेवढाच वेळ लागतो जेवढा दोन भरत्यांमध्ये असतो, म्हणजे सव्वाबारा-साडेबारा तास, त्यामुळे झोपाळ्याला वेळेवर धक्का मिळावा तसं पाणी दर वेळी थोडं जास्त चढतं. बर्नकोट हेड नावाच्या जागी १६ मीटरपर्यंत. म्हणजे पाच मजली इमारत.

आणि थंडीत तिथे जे होतं ते कंबोईला कधीच होणार नाही. मिनास बेसिन म्हणून फंडीचा आतला भाग आहे, तिथला किनारा लालसर चिखलाचा. ओहोटीत हा चिखल उघडा पडतो आणि वरून गोठतो, भरती येते ती तो गोठलेला थर उचलते, चिखलासकट, पुन्हा ओहोटी, पुन्हा थर. असं करत करत माणसाच्या उंचीचे, कधी त्याहून मोठे, तपकिरी बर्फाचे ठोकळे तयार होतात आणि ओहोटीला चिखलात इकडेतिकडे बसलेले दिसतात. पांढरा शुभ्र बर्फ बघायला गेलेल्यांचा थोडा विरस होतो, मला मात्र ते पांढऱ्यापेक्षा आवडतात, त्यात कुठे गवत अडकलेलं, कुठे दगड. चिखलात उतरायचं मात्र नाही, भरती पळत येते आणि ठोकळे हलतात. ग्रां प्रे नावाच्या जागी सतराव्या शतकात फ्रेंच शेतकऱ्यांनी समुद्र अडवायला मातीचे बांध घातले, २०१२ मध्ये ती जागा जागतिक वारशात गेली, त्या बांधांवरून सगळं दिसतं. शेफील्ड मिल्सही जवळच, म्हणजे सकाळी गरुड, दुपारी ओहोटीचं टायमिंग बघून हे, असा एक दिवस जमतो.

भाचा जपानला साप्पोरोत आहे. तिकडेही समुद्रावर बर्फ असतो का? (प्रतापनगर)

तिकडे तर समुद्रच गोठून येतो! वर मी म्हटलं समुद्र गोठत नाही, ते हॅलिफॅक्सचं, त्याला हा एक अपवाद, आणि तो का ते छान आहे. जपानच्या उत्तरेला ओखोट्स्कचा समुद्र आहे, त्यात अमूर नदी एवढं गोडं पाणी ओतते की वरचा थर कमी खारट राहतो, तो खालच्या जास्त खारट पाण्यात मिसळत नाही. मग तेवढाच वरचा थर गार व्हायचा असतो, तो लवकर होतो, गोठतो, आणि वाऱ्याने, प्रवाहाने ते बर्फाचे तुकडे खाली होक्काइदोच्या, म्हणजे साप्पोरो ज्या बेटावर आहे त्याच्या, किनाऱ्याला लागतात. आबाशिरीला जानेवारीच्या शेवटी शेवटी दिसायला लागतात, फेब्रुवारीत जायचं. बर्फ फोडत जाणाऱ्या बोटीतून नेतात. भाच्याला सांगा साप्पोरोहून लांब आहे, एका दिवसात उरकायला जाऊ नको.

पलीकडे शिरेतोको द्वीपकल्प, २००५ पासून जागतिक वारसा, तिथल्या राउसू गावातून पहाटे बोटी निघतात, स्टेलरचा समुद्री गरुड बघायला. मोठी पिवळी चोच, खांदे पांढरे, वजन नऊ किलोपर्यंत, जगात काही हजारच उरलेत. तो बर्फाच्या तुकड्यावर बसून मासा फाडत असतो. बोटवाले मासे टाकतात म्हणून एवढे जवळून दिसतात, तेव्हा वाघोडिया रोडच्या उत्तरात म्हटलं तेच इथेही. अलीकडे बर्फ पूर्वीएवढा येत नाही, म्हणून तिकिटं काढण्याआधी त्या आठवड्याचा बर्फाचा नकाशा बघायचा, रोज नवीन निघतो.

आम्हाला ना कॅनडा जमणार ना जपान. भारतात असा समुद्रकाठचा बर्फ कुठे? (अनेकांचा प्रश्न)

कुठेच नाही. आपला बर्फ हिमालयात, समुद्र खाली, दोघांची गाठ पडत नाही. भारताचं भारती स्टेशन आहे तिथे पडते, पण ते अंटार्क्टिकात.

तरी एक सांगते, तिकडचं पाणी गोठतं म्हणून जे पक्षी निघतात त्यातले आपल्या दारात येतात, आणि हे आपल्याला बघायला कोणी बोलवत नाही म्हणून आपण जात नाही. डभोईजवळचं वढवाणा, गायकवाडांच्या राज्यात १९१० मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, २०२१ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस तिथे हिमालय ओलांडून येतात. डिसेंबर-जानेवारी, सकाळी लवकर, आणि रविवार टाळा. ज्यांना समुद्रच हवा त्यांनी जामनगरजवळ नरारा गाठावं, देशातलं पहिलं मरीन नॅशनल पार्क, १९८२ चं, ओहोटीत पाण्यातून चालत बघायचं, ओहोटीची वेळ विचारूनच निघा. आणि कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सत्तरएक फुटी, १९४४ मध्ये महीच्या मुखाशी आला होता. लहानपणी सगळ्यांनी बघितलाय, पुन्हा जाऊन त्याच्या जबड्याखाली उभे राहा.

मोबाइलवर बर्फाचे फोटो मळकट येतात, असं का? (गोत्री)

कॅमेऱ्याला वाटतं उजेड जास्त झाला, तो आपणहून अंधार करतो. स्क्रीनवर बर्फाला बोट लावून उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा. मोठा कॅमेरा असेल तर घरात शिरण्याआधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि आत तासभर तसाच राहू द्या, नाहीतर काचेवर पाणी धरतं.

आम्ही सीकेपी, मासे सोडून बाकीचं पान संपलं का? (शियाबागेतले एक काका)

काका, वाटच बघत होते. थंडीत जाताय ते उत्तम. नैऋत्य नोव्हा स्कोशियात लॉबस्टरचा सीझन नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी सुरू होतो आणि मेअखेरपर्यंत चालतो, पहिल्या दिवशी पहाटे पिंजऱ्यांनी लादलेल्या बोटी एकदम निघतात आणि निरोप द्यायला गाव धक्क्यावर उभं असतं. धक्क्याजवळच्या दुकानातून जिवंत घ्या, हॉटेलपेक्षा बराच स्वस्त. ते लोक नुसतं उकडून लोण्यात बुडवून खातात, एकदा तसं खा, दुसऱ्यांदा आपलं आलं-लसूण-कोकम लावा. डिग्बी गावचे स्कॅलॉप्स म्हणजे एक प्रकारचे शिंपले, हॅडॉक मासा, सगळं ताजं. बोंबील आणि हलवा नाही मिळत. कोकम इथून न्या, तिकडे मिळालं तर दुप्पट भावात, आणि सामानात काय काय खायचं आहे ते विमानतळावरच्या फॉर्मवर सरळ लिहून टाका.